भिंतीपलीकडची चूल

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या मुलीचं लग्न झालं. भाचीचं नाव विशाखा. पंगती बसायच्या आधी तिनं माइक हातात घेतला, मला पुढं बोलावलं, खांद्यावर शाल घातली आणि भरल्या मांडवाला सांगितलं, "हा माझा मामा. मी आठमाशी जन्मले होते. कडाक्याच्या थंडीत यानं स्टेशनावरून कोळसा वाहून आणला, खोली उबदार ठेवली आणि मला जगवलं." टाळ्या पडल्या. नवरदेवानं वाकून माझे पाय धरले. मी हात जोडले आणि खाली येऊन बसलो. आमच्या गोतावळ्यात ही गोष्ट मी नामकरणांत ऐकली आहे, लग्नांत ऐकली आहे, कुणाच्या मयतीनंतर बसलेल्या माणसांतही ऐकली आहे, आणि दर वेळी असेच हात जोडले आहेत. गोष्टीतला कोळसा खरा. तो मीच आणला, हेही खरं. पण त्या कोळशानं विशाखा मरता मरता राहिली. तिला जगवलं ते दुसऱ्या एका बाईनं. हे माहीत असलेली माय गेली, आबा गेले, अक्काही गेली. आता मी एकटा उरलो आहे, म्हणून लिहून ठेवतो.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून कोसभर आत. वस्ती गावाच्या उगवतीला, आणि वस्तीत आमचं माळवदाचं घर. माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: लाकडाच्या सऱ्यांवर मातीचं सपाट छत, वर पांढरी माती चोपलेली, खिडकी बहुधा नाहीच. छताला मध्ये एक भोक ठेवतात, त्याला आम्ही साणं म्हणायचो. त्यातून उजेड आत यायचा आणि चुलीचा धूर बाहेर जायचा. पावसात साण्यावर परात पालथी घालायची, पाऊस उघडला की काढायची. दुपारी साण्यातून उन्हाची एक गोल वाटी जमिनीवर पडायची आणि सरकत सरकत भिंतीवर चढायची. माय तिच्यावरूनच आबांच्या जेवणाची वेळ ठरवायची. परभणीकडचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो, थंडी कुणाला खरी वाटत नाही. पण ज्वारी पोटऱ्यात आली, कणसं बाहेर पडायच्या बेतात असली, की आमच्याकडं असा गारठा सुटतो की माणूस बोलताना दात सांभाळतो. खोबऱ्याच्या तेलाची बाटली चुलीपुढं धरल्याशिवाय तेल बाहेर येत नसे. रांजणातलं पाणी तोंडात धरवत नसे. सकाळी स्टेशनावर इंजिनानं शिट्टी दिली की ती त्या गार, कोरड्या हवेत अशी सरळ घरात यायची, जणू गाडी आमच्याच अंगणात उभी आहे. पहाटेपासून दारोदार आगट्या पेटायच्या. तुराट्या, पऱ्हाट्या, जुनी टोपली, हाताला येईल ते आगटीत. माणसं तळहात पुढं करून उकिडवी बसायची, पुढून भाजायची आणि पाठीमागून गारठायची. माय बाजरीच्या भाकरीला तीळ लावायची, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी करायची, तिच्यात लसूण इतका की नाक आपोआप मोकळं व्हायचं. पाटीभर जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ अंगावर घेतली की तिच्या वजनानंच अर्धी थंडी जायची. आता माझ्याकडं हलकं, मऊ, दुकानातलं ब्लँकेट आहे. ऊब असते, पण अंगावर कुणी हात ठेवलाय असं वाटत नाही.

घर मुळात एकच होतं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे निघाले तेव्हा मोठ्या खोलीच्या मधोमध कच्च्या विटांची एकेरी भिंत घातली गेली. थोरले चुलते पुढं वारले. त्यांच्या मुली लग्न होऊन गेल्या आणि भिंतीपलीकडं एकटी मोठीमाय राहिली. माझी मोठी चुलती, राणीसावरगावकडची, उंच, हाडापेरानं रुंद, आवाज असा की चार शेतं ओलांडून जावा. तिची चूल त्या मधल्या भिंतीला टेकून होती. भिंतीच्या आमच्या बाजूला आबांनी चुना देऊन, त्यात निळीची छटा घालून, तसबिरी लावल्या होत्या. वस्तीची बैठक आमच्याकडंच व्हायची, वंदना व्हायची, त्यामुळं त्या भिंतीचा आबांना फार अभिमान. चुलीच्या धगीनं चुन्याला भेगा पडत. एकदा खिळा सैल होऊन तसबीर खाली आली, काच फुटली, आणि आबा तसेच उठून मोठीमायच्या दारात गेले. "वैनी, ती चूल हलवा. माझी भिंत खराब व्हायली." मोठीमाय भाकरी थापत होती. म्हणाली, "भिंत दोघांची हाय, भावजी. आज चूल हलवा म्हणता, उद्या म्हणाल शेजारी श्वासबी घेऊ नगा." पण दुसऱ्या दिवशी तिनं चूल फोडली आणि मागच्या अंगणात, कुडाच्या आडोशाला मांडली. त्या दिवसापासून अबोला. तो किती वर्षांचा होता हे मला सांगता येत नाही. मी हाफ चड्डीत होतो तेव्हा सुरू झाला आणि मी नांदेडला कॉलेजात सायन्सला गेलो तरी चालूच होता. विहिरीवर माय आणि मोठीमाय एकाच रहाटावर पाणी ओढायच्या, पण बोलायच्या कळशीशी.

अक्का, माझी थोरली बहीण, पालमला दिलेली. पहिलटकरीण म्हणून एस.टी.नं माहेरी आली ती अजून दिवस भरायला बराच अवधी आहे म्हणून निवांत होती. हुरडा खायचा, सांजेला शेवया वळायच्या असे तिचे बेत. तिसऱ्याच आठवड्यात तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. सुपात ठेवली तर सूप रिकामं वाटावं, एवढी. रडणं म्हणजे मांजराच्या पिल्लाचं. वस्तीतल्या बायका येऊन बघून गेल्या आणि दाराबाहेर जाऊन, आम्हाला ऐकू जाईल इतक्या हळू, बोलल्या. "सातमाशी जगतं बाई. आठमाशी न्हाई जगत." पूर्णेहून नर्सबाई आल्या, त्यांनी पोर उलटीपालटी करून पाहिली आणि सांगितलं, "हिला दवाखान्यात न्यायचं तर वाटेतच गारठंल. इथंच ठेवा. दूध कापसाच्या वातीनं पाजा. आणि एक ध्यानात ठेवा, ही गार पडली की गेली. हिच्या अंगात स्वतःची ऊब धरायची ताकद न्हाई अजून. ती तुमी द्यायची." त्याच संध्याकाळी मायनं आमच्याच शेतातला कापूस सरकी काढून पिंजला, सुपात अंथरला आणि पोरीला नाकापर्यंत त्यात बुडवलं.

बाळंतिणीच्या बाजेखाली इस्तू ठेवायची रीत होतीच. खापरात गोवऱ्यांचे निखारे, वर ओवा, लसणाच्या साली. आबांना असल्या रिती पटत नसत. "हे सगळं सोडलंय आपण," ते म्हणाले. मायनं खापर खाली सारत उत्तर दिलं, "धम्म तुमी घेतलाय. थंडीनं कुठं घेतलाय?" खापर राहिलं. पण इस्तू आणि धूर यांची जोडी सुटत नव्हती. गोवऱ्या टाकल्या की खोली भरून धूर, आणि पोर श्वास धरून निळी व्हायची. धूर जावा म्हणून साणं आणि दार उघडं ठेवलं की थंडी धाडकन खाली उतरायची आणि पोरीचे पाय गार पडायचे. माय दर थोड्या वेळानं कापसात हात घालून पाय चाचपायची. तिचा चेहरा बघून आम्हाला पोरीचे पाय कळायचे.

आणि इथं मी, कॉलेज बुडवून घरी थांबलेला सायन्सचा विद्यार्थी, पुढं सरसावलो. कोळशाच्या इंजिनांचे ते दिवस. चुडाव्याच्या रुळांच्या कडेला अर्धवट जळालेला दगडी कोळसा पडलेला असायचा, बायका-पोरं तो वेचून न्यायची. तो एकदा लाल झाला की धूर करत नाही, हे मी नांदेडला खानावळीच्या भट्टीवर पाहिलं होतं. मी पोतं घेऊन गेलो आणि डोक्यावर भरून आणलं. तेलाच्या डब्याला भोकं पाडून शेगडी केली, अंगणात पेटवली, काळा धूर निघून कोळसा लालभडक झाल्यावर आत नेली. पहिल्या दिवशी दार अर्धं उघडं होतं आणि खोली अशी तापली की अक्कानं डोक्यावरचा फडका सोडला. आबा शेतातून आले, आत डोकावले, नाक वर करून हवा हुंगली. "धूर न्हाई? अजिबात?" मग बाहेर जाऊन आगटीपाशी बसलेल्यांना म्हणाले, "बगा. शिकलेलं पोरगं घरात असलं म्हंजे असं असतंय." त्या वाक्यानं मी जो फुगलो, तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली आलो नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना थंडी अशी होती की अंगणातली कुत्री राखेत घुसून बसली होती. आबा ज्वारीच्या राखणीला वावरातच होते. मी शेगडी लाल करून आत नेली, बाजेखाली सारली, आणि मग वर साण्याकडं पाहिलं. साणं कशासाठी? धुरासाठी. धूर आहे का? नाही. मग ती थंडीची वाट उघडी कशाला ठेवायची? मी माळवदावर चढून साण्यावर परात पालथी घातली, कडेनं ओली माती दाबली. खाली येऊन दार ओढून घेतलं. माय म्हणाली, "सारंच बंद करायलास?" मी म्हणालो, "धूर असला तर उघडायचं, माय. इथं धूरच न्हाई." तिला पटलं. कुणालाही पटलं असतं. आमच्या मागच्या सगळ्या पिढ्या धुरात वाढलेल्या. धूर डोळ्याला झोंबतो, खोकला आणतो, झोपलेल्या माणसाला उठवून बाहेर काढतो. जे डोळ्याला झोंबत नाही, तो लाल कोळशाचा न दिसणारा विषारी वायू, जीव घेऊ शकतो, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी विहिरीवर जाण्याआधी एकदा आत डोकावलो तर पोरीचे गाल गुलाबी झालेले. मी मनात म्हणालो, झालं, जिंकलो.

पाण्याच्या दोन कळशा घेऊन परत आलो तेव्हा माय उंबऱ्यावर आडवी पडली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर, एक हात दाराच्या कडीला. डोकं जड झालं म्हणून उठली आणि दार उघडून कोसळली, असं तिनं नंतर सांगितलं. तिनं ते दार उघडलं नसतं तर मला लिहायला काही उरलं नसतं. मी कळशा टाकल्या. अक्का बाजेवर ओकत होती, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हती. सुपातली पोर गुलाबी, सुंदर, आणि एकदम शांत. मी सूप उचलून अंगणात धावलो, मग अक्काला ओढून आणलं, मग शेगडी लाथेनं बाहेर उडवली. त्या बोचऱ्या वाऱ्यात मी पोरीला उघडं धरलं होतं, ज्या थंडीपासून तिला लपवत होतो त्याच थंडीत, आणि ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. मग तिनं तोंड वाकडं केलं. एक छोटी उचकी. आणि ते मांजरीच्या पिल्लाचं रडणं. त्याहून गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

माय शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं: "तुझ्या आबाला सांगू नको." मला वाटलं ती मला वाचवतेय. थोडं तसंही होतं. पण तिचा दुसरा हिशेब होता. आबांना कळलं तर ते घाबरून शेक बंद करायला लावतील, आणि शेक बंद झाला की पोर गार. गोवऱ्यांत धुराची भीती, कोळशात याची भीती, आणि काहीच नाही केलं तर नर्सबाईंचे शब्द. मी त्या मधल्या भिंतीला पाठ टेकून बसलो. भिंत गार होती. आणि पाठीला लागलेल्या त्या गारव्यानं मला आठवलं की लहानपणी हिवाळ्यात आम्ही भावंडं याच भिंतीला पाठ लावून जेवायचो, कारण पलीकडच्या चुलीनं ती कोमट असायची. भेगा पडायच्या, पण कोमट असायची.

मोठीमाय मागच्या अंगणात तुरी झोडत होती. मला बघून हात थांबवला नाही. "आज कशी वाट चुकली सायबाची?"

मी म्हणालो, "मोठीमाय, कोळशानं..."

"ठावं हाय. कच्च्या विटंची भिंत हाय, किल्ल्याची न्हाई. तुझी माय पडली तवा धप्प आवाज आला. मी उठून दारापत्तर आले, तवर तू वरडायला लागलास. मग लेकरू रडलं, मग मी खाली बसले." ती बसली होती त्या जागी बोट दाखवलं.

मी सांगितलं काय हवंय ते. चूल परत भिंतीला. दिवसभर धगधगती. धूर तिच्या साण्यातून जाईल, ऊब आमच्याकडं येईल. तिनं तुरीची पेंडी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"तुझा बाप काय म्हणंल?"

"त्यांना सांगायचं न्हाई."

"मग काय सांगायचं? भिंतीला ताप आलाय?"

"शेगडी दारात जळती ठेवतो. त्यांना वाटंल खोली कोळशानं तापलीय."

मोठीमाय हसली. त्या दिवशी कुणी हसल्याचं तेवढंच एक आठवतं. "शिकून एवढंच शिकलास? चल, कुदळ आण. आन् त्या आडोशाची चूल फोड. भावजीला कळलं तर म्हणंल मला उपकार नगंत. उपकार तेला नगंत, पर लेकराला लागतेत. तेला कळू द्यायचं न्हाई."

आम्ही दोघांनी मिळून भिंतीला थोडी खाच पाडून चूल बसवली, मातीनं लिंपली, आणि ओली असतानाच तिनं पेटवली. दुपार कलली तेव्हा मी आमच्या बाजूला तसबिरीखाली हात ठेवून बघत होतो. काही नाही. मग काही नाही. मग तळहाताला वाटलं की भिंत आता गार नाही. सांजेला मायनं अक्काची बाज ओढून भिंतीला लावली, सूप भिंतीच्या कुशीत ठेवलं, कापसात हात घातला आणि माझ्याकडं बघितलं. पाय गरम होते. साणं उघडं होतं, दार किलकिलं होतं, खोलीत धुराचा कण नव्हता.

त्यापुढचे दिवस मी आयुष्यातल्या कुठल्याही दिवसांशी बदलणार नाही. भिंत हळूहळू मुरली. एकदा मुरल्यावर चूल थोडी मंदावली तरी ऊब धरून राहायची. अबोला मोडायचा नाही, हे दोघी जावांनी न बोलताच ठरवलं होतं, त्यामुळं माय भिंतीला पाठ लावून बसायची आणि मोठ्यानं, कुणालाच न उद्देशून म्हणायची, "आज गार वाटायलंय बाई." थोड्या वेळानं पलीकडं काटक्या मोडल्याचा कडकड आवाज यायचा. जास्त तापलं तर माय म्हणायची, "लेकराला घाम सुटलाय." पलीकडून फुंकणीचा आवाज थांबायचा आणि खाकरणं यायचं, म्हणजे समजलं. एकदा पोर खूप रडत होती तर भिंतीतून आवाज आला, "पोट दुखतंय तिचं. ओवा चावून बेंबीला लाव म्हणावं." अक्कानं ओवा लावला. पोर झोपली. मायनं भिंतीकडं बघून फक्त मान हलवली, जणू भिंतीला दिसतंय.

मोठीमायनं तुराट्या जाळल्या, पऱ्हाट्या जाळल्या, पावसाळ्यासाठी रचून ठेवलेल्या गोवऱ्या जाळल्या. मी तिच्यासाठी बांधावरून सरपण आणत होतो, पण सगळ्या गावाच्याच आगट्या पेटलेल्या, बांध झाडून नेल्यासारखे साफ. एके दिवशी गेलो तर ती चुलत्यांच्या पेरणीच्या मोडक्या तिफणीचे तुकडे करत होती. ती तिफण तिनं चुलते गेल्यापासून आढ्याला बांधून ठेवली होती. मी म्हणालो, "मोठीमाय, हे कशाला?" तिनं कुऱ्हाड खाली घेतली नाही. "तेला लेकरं लय आवडायची. तेच्या तिफणीवर एक पोर शेकली तर तेला काय वंगाळ वाटणार हाय?" सागवानाचे ते तुकडे फार वेळ टिकले, आणि त्या रात्री कापसात हात घालायची मायला गरज पडली नाही.

पोर वाढायला लागली. वातीनं दूध घेणारी छातीला लागली. आवाज मांजरीचा होता तो बोकडाचा झाला. मायनं तिला कापसातून काढून मऊ फडक्यात बांधली, आणि तिच्या मांडीवर प्रथमच वळी पडली तेव्हा अक्का रडली. बाहेर आगटीपाशी मात्र माझा कोळसा गाजत होता. मी रोज शेगडी अंगणात पेटवत होतो आणि आबा ती माणसांना दाखवत होते. "दगडी कोळसा. सायन्स." बायका येऊन पोर बघून जायच्या आणि बाहेर म्हणायच्या, "आठमाशी, पर जगली बरं का. मामानं जगवली." मी हात जोडायला तिथं शिकलो. आज लिहिताना वाटतं, तेव्हा बोलायचं नव्हतं हे ठीक. तेव्हा बोलणं म्हणजे चूल विझवणं होतं. पण नंतर? नंतर बोलायला काय हरकत होती? मोठीमाय म्हातारी होऊन गेली, तिच्या मातीला आलेल्या लोकांपुढं दोन शब्द बोलायला मला उभं केलं, आणि मी तिच्या कष्टांबद्दल बोललो, स्वभावाबद्दल बोललो. चुलीबद्दल बोलायचं तर साण्यावरच्या परातीबद्दल बोलावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी तिचं मोठेपण माझ्याजवळ दाबून ठेवलं. आबांनाही ती परात मी कधी सांगितली नाही. चूल मात्र त्यांना कळली, आणि ती कशी कळली ते सांगून थांबतो.

थंडीचा जोर अजून होता. त्या दिवशी मी अंगात कसकस म्हणून शेगडी पेटवली नव्हती. अंगणात ती राख होऊन पडली होती. आबा दुपारी राखणीवरून येत नसत, पण गोफण तुटली म्हणून आले. शेगडीत हात घातला, गार. आत आले तर खोली उबदार. मी कोपऱ्यात भाकरी खात होतो, घास तसाच राहिला. माय दाराकडं पाठ करून, भिंतीला टेकून, पोरीचे पाय चोळत बसली होती. तिला आबा आलेले कळले नाहीत. ती म्हणाली, "बाई, जरा वाढवा बरं. पाय गार पडायलेत."

आणि भिंतीतून मोठीमायचा आवाज आला, थकलेला: "लावायले. ही शेवटची पेंडी हाय बग. उद्याचं काय करावं म्हणायले."

आबा उभेच राहिले. मग दोन पावलं पुढं आले आणि तसबिरीखाली तळहात ठेवला. चुन्याला इथून तिथपर्यंत भेगा गेल्या होत्या, निळीचे पापुद्रे सुटले होते. त्यांनी हात काढला नाही. मायनं मागं वळून बघितलं आणि पोरीला छातीशी धरलं. मला वाटलं, आता आवाज चढणार. आबांनी तसबिरी एक एक करून उतरवल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या आणि समोरच्या भिंतीपाशी नीट टेकवून ठेवल्या. मग बाहेर गेले. अंगणात आमच्या तुराट्यांचा ढीग होता, बैलांच्या गोठ्याच्या कुडासाठी राखलेला. त्यातला हाताच्या कवेत मावेल त्याच्या दुप्पट भारा त्यांनी बांधला, डोक्यावर घेतला, आणि वस्तीतल्या सगळ्या आगट्यांच्या देखत मोठीमायच्या दारात नेऊन टाकला. वस्तीनं त्याचा अर्थ एवढाच लावला की भावजी-वैनींचा अबोला मिटला. मी मागं धावलो होतो. माय पोरीला वाकळीत गुंडाळून माझ्या मागं.

मोठीमाय दारात आली. तोंडावर राख, केसांत काड्या. आबा खाली बघत म्हणाले, "वैनी, चूल इझू देऊ नगा. आणिक आणतो."

मोठीमाय भाऱ्याकडं बघत राहिली. मग आबांकडं. "आणायचं तेवढं आणा," ती म्हणाली, "पर आधी ती पोरगी इकडं द्या. महिना झाला, तिचं रडणं मला पाठ झालंय, तिचा खोकला पाठ झालाय, अन् तोंड अजून बघितलं न्हाई म्या."

मायनं वाकळ उघडली. मोठीमायनं राखेचे हात लुगड्याला दोनदोनदा पुसले, पोर घेतली, उन्हाकडं वळून बघितली आणि एवढ्या मोठ्यानं हसली की आगट्यांपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"अगं बाई! आवाजावरून मला वाटलं चांगली म्हैस आसंल. ही तर एवढीशी चिमणी!"

चिमणीनं डोळे उघडले आणि वस्ती दणाणून जाईल अशी रडायला लागली.